सरकारी पैसा, स्टुडिओतली तालीम

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात दूरचित्रवाणी आली ती एखाद्या सरकारी नोकरासारखी, दिल्लीहून बदली होऊन. केंद्र सरकारने १९७१ मध्ये दिल्लीत दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणाचे केंद्र काढले होते. १९७४ मध्ये ते पुण्याला हलवले, १९६० पासून इथे असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटला जोडले, आणि संस्थेच्या पाटीवर ‘फिल्म’च्या शेजारी ‘टेलिव्हिजन’ आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संस्था १८६०च्या कायद्याखाली नोंदवलेली सोसायटी झाली. कागदावर स्वायत्तता मिळाली. खर्च पूर्वीप्रमाणेच माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अनुदानातून चालू राहिला.

स्मरणिकेसाठी या टीव्ही विभागाचा इतिहास लिहायचा तर नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी हाताशी असतेच. पण ती यादी बहुतांशी शेजारच्या चित्रपट विभागाची. आपल्या विभागातून गेलेल्यांपैकी बहुतेकांची नावे पडद्यावर फार तर शेवटच्या पाट्यांमध्ये दिसली, तीही वेळ उरला तर. म्हणून इथे नावांपेक्षा पैशाचा माग काढला आहे. दूरचित्रवाणी चालवायला पैसे कोणी दिले आणि त्यातले शिकवण्यावर किती टिकले, हे पाहिले की विभागाच्या बऱ्यावाईट दिवसांचा उलगडा होतो.

सुरुवातच परक्या पैशातून झाली. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत आकाशवाणीने प्रायोगिक प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा युनेस्कोने २०,००० डॉलर आणि फिलिप्सचे १८० संच दिले होते. दिल्लीच्या आसपास टेलिक्लब काढून लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम पाहायचे, आणि शिक्षण व समाजविकासासाठी हे माध्यम कितपत कामाला येते ते तपासायचे, असा तो बेत. घराघरांत संच येतील, संध्याकाळी बायकामुले त्यापुढे बसतील, हे त्या वेळच्या टिपणांमध्ये कोणाच्या ध्यानीमनीही नसावे. रोजचे प्रक्षेपण सुरू व्हायला १९६५चा स्वातंत्र्यदिन उजाडला. १९६७च्या प्रजासत्ताक दिनी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले तेही दिल्लीभोवतालच्या ८० खेड्यांसाठी.

त्या काळी दूरचित्रवाणीचे शिक्षण घ्यायचे तर परदेशी जावे लागे. आपल्या पु. ल. देशपांड्यांचे उदाहरण मराठी वाचकाला माहीत आहे. आकाशवाणीत असताना त्यांना बीबीसीकडे प्रशिक्षणासाठी पाठवण्यात आले होते आणि दिल्लीच्या बाल्यावस्थेतल्या दूरचित्रवाणीसाठी पंडित नेहरूंची मुलाखत त्यांनी घेतली. ‘अपूर्वाई’ हे त्याच प्रवासाचे फळ, त्यामुळे त्या सरकारी खर्चाची वसुली मराठी साहित्याने पुरेपूर करून घेतली असे म्हणायला हरकत नाही. पण एकेक माणूस विलायतेला पाठवून खाते चालत नाही. नाटककार, गायक, लेखक हाताशी असतात. कॅमेरामन, ध्वनिमुद्रक, प्रकाशयोजनाकार, ट्रान्समीटरवरचे अभियंते मात्र घडवावे लागतात. तेही दहावीस नव्हेत, शेकड्यांनी.

पैशाची व्यवस्था तेव्हा साधी होती. रेडिओप्रमाणे टीव्हीलाही परवाना लागे. पोस्टात जायचे, परवान्याच्या पुस्तिकेत वर्षाचे तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. ही रक्कम सरकारी तिजोरीत जमा होई, आणि आकाशवाणीला तिच्या वाट्याचे पैसे अर्थसंकल्पातून मिळत. प्रेक्षकाने भरलेला रुपया थेट स्टुडिओत पोचला असे कधीच झाले नाही, वाटेत दिल्लीतली बरीच टेबले असत. ए. के. चंदा यांच्या समितीने १९६६ मध्येच रेडिओ आणि टीव्हीसाठी दोन वेगवेगळी महामंडळे करा, असे सुचवले होते. महामंडळे झाली नाहीत. १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. टीव्हीवर त्या यायला १ जानेवारी १९७६ उजाडला, आणि तीनच महिन्यांनी, १ एप्रिलला, दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. १९८०च्या दशकात परवाना गेला. त्याबरोबर ‘मी पैसे भरले आहेत, मला काय दाखवता ते सांगा’ असे म्हणण्याचा प्रेक्षकाचा हक्कही गेला. त्या हक्काची आठवण कोणी फारशी काढत नाही, पण पुढच्या अनेक गोष्टींचे मूळ मला तिथे दिसते.

आपला विभाग पुण्याला आला तो काळ माणसांच्या टंचाईचा होता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. त्याच वर्षी श्रीनगर आणि अमृतसर. १९७५ मध्ये कलकत्ता, मद्रास, लखनौ. शिवाय १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’चा उपग्रह प्रयोग. अमेरिकेच्या नासाने एटीएस-६ हा उपग्रह वर्षापुरता वापरायला दिला होता, आणि सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत जाळीच्या मोठ्या तबकड्या लावून कार्यक्रम पोचवायचे होते. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. ट्रान्समीटर विकत मिळत होते, भारत इलेक्ट्रॉनिक्ससारख्या कारखान्यांत तयारही होऊ लागले होते. ते चालवणारी, त्यावरून दाखवायचे कार्यक्रम करणारी माणसे कुठून आणायची? रेडिओतून आलेल्यांना कान होते, रंगभूमीवरून आलेल्यांना बोलणे होते, चित्रपटातून आलेल्यांना डोळा होता. तीन कॅमेरे एकाच वेळी चालू असताना काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

पुण्याच्या आवाराची निवड तशी योग्यच होती. चित्रपटाच्या शिक्षणासाठी संस्था काढा, अशी शिफारस स. का. पाटील यांच्या चौकशी समितीने १९५१ मध्ये केली होती. प्रभात बंद पडल्यावर दामले-फत्तेलाल-शांतारामांनी उभारलेले स्टुडिओ सरकारने घेतले आणि तिथे फिल्म इन्स्टिट्यूट थाटली. पहिले प्रमुख गजानन जागीरदार, म्हणजे प्रभातचाच माणूस. तयार शेड, तयार कारागिरी, सिनेमाचे वातावरण हे सगळे आयते मिळाले. टीव्ही विभाग आला त्या सुमारास गिरीश कर्नाड संचालक होते. चित्रपट विभागातली मुले विशीतली, डोक्यात गोदार आणि घटक, रात्री झाडाखाली वाद घालणारी. टीव्ही विभागात येणारे बहुतेक दूरदर्शनचे कर्मचारी, नोकरीत असलेले, घरी बायकामुले ठेवून काही आठवड्यांसाठी प्रशिक्षणावर आलेले, खिशात प्रवासभत्त्याचा फॉर्म. दोघांचा चहा एकाच कँटीनमध्ये व्हायचा, पण जमणे अवघडच. चित्रपटवाल्यांचा तोरा असा की टीव्ही म्हणजे रेडिओला चित्र लावलेले. त्यात खरेपणाचा अंश होता, म्हणून तो जास्त लागायचा.

तरीही तीन कॅमेऱ्यांचा सराव ज्याने एकदा जवळून पाहिला, तो या शिक्षणाला हलके म्हणणार नाही. स्टुडिओत मधोमध दोन खुर्च्या, एक स्टूल, मुलाखतीचा सेट. तीन कॅमेरे चाकांच्या पायांवर, त्यांच्या जाड केबली फरशीवर पसरलेल्या. एका केबलवरून दुसऱ्या कॅमेऱ्याचे चाक गेले की चित्राला झटका बसतो, म्हणून केबल ओढायलाच एक माणूस लागतो. वर जाळीला टांगलेले दिवे. काचेपलीकडे पॅनेल: प्रत्येक कॅमेऱ्याचा एक मॉनिटर, मधोमध मोठा मॉनिटर, त्यावर जे चित्र तेच बाहेर जाणार. निर्मात्याच्या शेजारी व्हिजन मिक्सरवर बसलेला, पलीकडे ध्वनीची फळी सांभाळणारा, मागे कॅमेऱ्यांचा उजेड नि काळेपणा सारखा करणारा अभियंता. निर्माता पुटपुटतो, ‘टू, हातावर ये... स्टँडबाय टू... टेक टू.’ तोवर एक नंबरने पुढची चौकट लावून ठेवलेली असायला हवी. स्टुडिओत फ्लोअर मॅनेजर कानाला हेडफोन लावून पाहुण्याला बोटांनी सांगतो: तीन मिनिटे, एक मिनिट, गुंडाळा. पाहुणे गुंडाळत नाहीत. काही मोठ्यांना तर ते बोटच दिसत नाही.

इथे कापाकापी नंतर करू म्हणून चालत नाही. चित्रपटात दिग्दर्शक रात्रभर संकलनाच्या टेबलावर बसून चुका झाकू शकतो. स्टुडिओत तासभराचा कार्यक्रम तासभरातच बनतो, आणि त्या तासात सात-आठ माणसांनी एकमेकांकडे न बघता एकमेकांना सावरायचे असते. हे पुस्तकातून येत नाही. कॅमेरे हवेत, दिवे हवेत, टेप हवी, आणि चुकण्याची मुभा हवी. त्या मुभेचा खर्चच सगळ्यात मोठा. जाहिरातदार चुकण्यासाठी पैसे देत नाही. देतो ते ठरलेल्या वेळी ठरलेल्या कार्यक्रमात दिसण्यासाठी. म्हणून प्रशिक्षणाचे ओझे सरकारवर आले आणि बराच काळ तिथेच राहिले. सरकारने ते उचलले, याचे श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवे.

आणि ज्या पद्धतीने उचलले तिला नावेही ठेवायला हवीत. त्या काळी अर्थसंकल्प ‘प्लॅन’ आणि ‘नॉन-प्लॅन’ अशा दोन पेट्यांत वाटलेला असे. नवे ट्रान्समीटर, नवी इमारत, नवा कॅमेरा हे प्लॅनमधले. पगार, दुरुस्ती, टेप, दिव्याचे बल्ब हे नॉन-प्लॅनमधले. पहिल्या पेटीत पैसा भरणे मंत्र्यांना आवडते, कारण तिथे फीत कापायला मिळते. दुसऱ्या पेटीला कात्री लावायला कोणाचेच मन दुखत नाही. त्यामुळे लाखांचा कॅमेरा आलेला आणि त्याचा सुटा भाग मिळत नाही म्हणून कोपऱ्यात उभा, हा प्रकार सरकारी स्टुडिओत काम केलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. सामान बहुधा परदेशी. परकीय चलनाची परवानगी, निविदा, कस्टम, असे करत ते येईपर्यंत तंत्र पुढे गेलेले. वरून अनुदान मार्चअखेर खर्च झालेच पाहिजे, उपयोगिता प्रमाणपत्र गेलेच पाहिजे. फेब्रुवारीत संस्थेला अचानक खुर्च्यांची निकड भासते ती यामुळे.

टेपचेही तसेच. सुरुवातीची चित्रफीत दोन इंच रुंद, आयात केलेली, महाग. ती जपून ठेवायची चैन दूरदर्शनलाही नव्हती. कार्यक्रम प्रक्षेपित झाला की त्याच टेपवर दुसरा. मुंबई केंद्राच्या पहिल्या वर्षांतल्या कितीतरी मराठी मुलाखती, नाटके आणि गाणी अशी पुसली गेली. टेपची किंमत हिशेबात दिसत होती. तिच्यावर जे होते त्याची किंमत कोणत्याच लेखाशीर्षात बसत नव्हती.

१९८२ हे साल विभागाच्या आयुष्यात वेगळे उठून दिसते. एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि दिल्लीहून येणारे तास वाढले तसे मुंबईच्या मराठी संध्याकाळचे तास आक्रसले. १९८४ मध्ये तर देशात काही महिने रोज एक नवा ट्रान्समीटर सुरू होत होता. हे ट्रान्समीटर बहुतेक दिल्लीचे चित्र पुढे ढकलणारे. त्यांना सांभाळायला अभियंते लागले, पण त्या त्या गावचे कार्यक्रम करणाऱ्यांची गरज वाढली नाही. प्रशिक्षणाची मागणी अशी एकीकडे फुगली आणि दुसरीकडे पोकळ झाली. पुण्यात कार्यक्रम करायला शिकलेला माणूस एखाद्या लहान केंद्रावर जाऊन रिले पाहत बसला, असे होऊ लागले.

याच काळात पुण्यात सरकारी पैशातून दूरचित्रवाणीचे आणखी दोन उद्योग उभे राहिले. एक पुणे विद्यापीठातले शैक्षणिक माध्यम केंद्र. ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या देशव्यापी वर्गासाठी, म्हणजे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’साठी कार्यक्रम करी. दुसरे सेनापती बापट रस्त्यावरचे महाराष्ट्र राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र, जे सगळा महाराष्ट्र ‘बालचित्रवाणी’ म्हणून ओळखतो. २७ जानेवारी १९८४ ला ते स्थापन झाले. इन्सॅट उपग्रहाचा शिक्षणासाठी उपयोग करायचा म्हणून केंद्राने सहा राज्यांत अशा संस्था काढल्या, त्यांतली ही एक. ज्यांची शाळा त्या दशकात झाली, त्यांना तिच्या शीर्षकगीताची चाल अजून येते.

बालचित्रवाणीची कथा आपल्या विभागाच्या कथेशेजारी ठेवून वाचावी अशी आहे. स्वतःचा स्टुडिओ, स्वतःचे तंत्रज्ञ, कार्यक्रम हजारोंनी. भूगोलाच्या शिक्षकाला जे फळ्यावर काढता येत नाही ते दाखवायचे, विज्ञानाचा प्रयोग खेड्यातल्या शाळेत नेऊन पोचवायचा, हे काम त्यांनी मराठीत केले आणि चांगले केले. पैसा केंद्राचा, संस्था राज्याची. ही वाटणी चांगल्या दिवसांत कोणाला खुपत नाही. पुढे केंद्राने हात आखडता घेतला, राज्याने तो भार आपला मानला नाही, आणि कर्मचारी पगाराविना कामावर येत राहिले. २०१७ मध्ये राज्य सरकारने संस्था बंद केली. आता मुलांना मोबाईलवर सगळे मिळते, असा युक्तिवाद तेव्हा झाला. तो मला पटत नाही. तीनच वर्षांनी टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि सह्याद्री वाहिनीवरून इयत्तावार धडे दाखवायची वेळ आली, तेव्हा मराठीत धडे चित्रित करणारी तयार फळी राज्याने नुकतीच मोडून टाकलेली होती.

आपला विभाग वाचला, तो मोठ्या संस्थेच्या पदराआड होता म्हणून. पण ज्याच्यासाठी तो काढला ते दूरदर्शनच बदलत गेले. १९९०मध्ये प्रसार भारती कायदा झाला आणि अंमलात यायला १९९७ उजाडले. महामंडळ म्हणून प्रसार भारतीने स्वतः कमवावे असे ठरले. पगाराचा मोठा भार सरकारवरच राहिला. मधल्या काळात खासगी वाहिन्या आल्या: १९९२मध्ये झी, १९९९मध्ये अल्फा मराठी, २०००मध्ये ई टीव्ही मराठी. त्यांच्या पॅनेलवर, कॅमेऱ्यामागे, संकलनाच्या टेबलावर सुरुवातीला जी माणसे बसली त्यांतली कितीतरी दूरदर्शनमध्ये किंवा पुण्यात शिकलेली. सरकारच्या पैशाने शिकून खासगीत गेले, अशी कुरकुर होते. मला त्यात गैर दिसत नाही. सार्वजनिक पैशाने शिकवले ते कसब बाजारात जाऊन मराठीच कार्यक्रम करत असेल, तर तो पैसा बुडाला कसा म्हणायचा? मात्र ज्या वाहिन्यांनी ती माणसे आयती घेतली, त्यांनी प्रशिक्षणाच्या खर्चात एक पैचाही वाटा उचलला नाही, हेही त्याच दमात नोंदवले पाहिजे.

नोकरीतल्यांची बॅच कमी होत गेली तशी विभागाने बाहेरच्या पदवीधरांसाठी एक वर्षाचे अभ्यासक्रम काढले: दिग्दर्शन, इलेक्ट्रॉनिक छायाचित्रण, संकलन, ध्वनिमुद्रण व दूरचित्रवाणी अभियांत्रिकी. मुले भरपूर आली. एका वर्षात शिकून बाहेर पडता येते म्हणून कामाची निकड असलेल्या घरांतली मुले इथे जास्त आली असावीत, असे आमच्या आवारात मानले जाते. २०१५च्या विद्यार्थ्यांच्या १३९ दिवसांच्या संपाने संस्था देशभर गाजली. टीव्हीची मुले त्यात होती, बातम्यांत फारशी दिसली नाहीत. २०१७पासून ‘स्किफ्ट’ या नावाने गावोगावी फी भरून करायचे छोटे अभ्यासक्रम सुरू झाले. अनुदानावरून फीकडे जाण्याची ही पहिली ठळक पायरी. पंधरा दिवसांत कॅमेऱ्याची ओळख होते, हे चांगलेच. तीन कॅमेऱ्यांचे पॅनेल पंधरा दिवसांत येत नाही.

२०२३च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रसार भारतीच्या ‘बिंद’ योजनेला २,५३९.६१ कोटी रुपये मंजूर केले. नावातच ‘इन्फ्रास्ट्रक्चर’, म्हणजे पायाभूत सुविधा आहेत. स्टुडिओ, यंत्रसामग्री, प्रसाराचे जाळे. २०२५च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि पदव्या देण्याचा मार्ग मोकळा झाला. दोन्हींचे स्वागत.

एक जुने काम मात्र उरले आहे. दूरदर्शनच्या केंद्रांवर आज बातम्या, संकलन, कॅमेरा यांतले बरेचसे काम हंगामी किंवा कंत्राटी माणसे करतात. ती सेवेत नाहीत, म्हणून सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचे नाव येत नाही. महिन्यातल्या दिवसांवर पैसे मिळतात, म्हणून फी भरून पुण्याला यायचे त्यांना परवडत नाही. १९७४ मध्ये विभाग ज्या प्रकारच्या माणसांसाठी आला, तीच ही माणसे. त्यांच्यासाठी वर्षातून दोन बॅच ठेवायच्या तर स्टुडिओ आहे आणि शिकवणारेही आहेत. त्यांच्या त्या दिवसांचे पैसे प्रसार भारतीने द्यायचे की मंत्रालयाने, एवढे तेवढे ठरायचे आहे.